लेखाचा प्रकार निवडा

जानेवारी २०१९, रात्रीचे साडेअकरा. आमच्याकडे नेट त्याच वेळेला जरा धड चालायचं. तीन पावसाळे सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, काढून पंचेचाळीस पानांचा मजकूर तयार झाला होता आणि मी एका परदेशी नियतकालिकाच्या सबमिशनच्या पानावर बसले होते. नाव, कॉलेज, पत्ता, ईमेल सगळं भरून झालं आणि पुढे एक चौकोन आला : 'लेखाचा प्रकार निवडा'. बाणावर क्लिक केलं तर खाली ही लांब यादी. ओरिजिनल रिसर्च, रिव्ह्यू, शॉर्ट कम्युनिकेशन, नोट, डेटा पेपर, मेथड्स, पर्स्पेक्टिव्ह, कॉमेंट, बुक रिव्ह्यू, कॉरिजेंडम. मी सगळ्यांत वरचं निवडलं आणि पुढे गेले. एसटीचं आरक्षण करताना 'स्त्री' वर खूण करते, त्यापेक्षा जास्त विचार काही केला नव्हता.

आमच्याकडे 'पेपर' ही एकच वस्तू असते. 'पेपर झाला का?', 'किती पेपर?', 'पेपरचं काय केलंत?' त्याला आकार असतो, जात असते, हे एम.एस्सी.ला कोणी शिकवलं नव्हतं आणि मीही माझ्या मुलांना शिकवत नव्हते.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी वनस्पतिशास्त्र शिकवते. पीएच.डी.चा विषय होता कातळसड्यांवरच्या पावसाळी वनस्पती. सडा बाहेरच्यांना कळत नाही. वर्षाचे आठ महिने तो नुसता काळा जांभा, चप्पल तापेल असा. 'पडीक जमीन' म्हणून सरकारी कागदात नोंद. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात खळग्यांत पाणी साठतं आणि मग सीतेची आसवं, दवबिंदू, कवळा, गेंद असं एकेक करत सगळा कातळ फुलतो. ऑक्टोबरात गवत पिवळं पडतं की संपलं. म्हणजे माझ्या हातात दर वर्षी जेमतेम चार महिने, तेही कॉलेजची लेक्चरं सांभाळून.

त्या जानेवारीच्या आधीचं एक सांगायचं राहिलं, आणि ते सांगायला मला आवडत नाही. माझं पहिलं 'प्रकाशन' २०१८ च्या सुरुवातीचं आहे. तेव्हाच्या नियमाप्रमाणे प्रबंध सादर करण्याआधी रेफरीड, म्हणजे तज्ज्ञांकडून लेख तपासून घेणाऱ्या, नियतकालिकात किमान एक शोधनिबंध आणि परिषदांमध्ये दोन सादरीकरणं लागायची. स्टाफरूममध्ये एका सहकाऱ्याने लिंक दिली. नियतकालिकाच्या नावात 'इंटरनॅशनल' होतं, कुठल्याही विषयाचं काहीही चालत होतं आणि यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, यादीत ते होतं. सोमवारी लेख पाठवला, बुधवारी 'अभिनंदन, आपला लेख तज्ज्ञांनी स्वीकारला आहे', सोबत अडीच हजार रुपये कुठे भरायचे ते. मी भरले. छापून आला तेव्हा शीर्षकात 'लॅटराइट'चं स्पेलिंग चुकलं होतं, तेही माझंच. तज्ज्ञ सोडा, कोणी शीर्षकसुद्धा वाचलं नव्हतं. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने आपल्या यादीतून ४,३०५ नियतकालिकं काढून टाकली, त्यात हेही गेलं. भूषण पटवर्धन आणि पुण्यातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी 'करंट सायन्स'मध्ये त्या यादीची चिरफाड केली होती. विद्यापीठांच्या शिफारशीने आलेल्या ज्या नियतकालिकांची त्यांनी तपासणी केली, त्यांतली ८८ टक्के निकषांत बसत नव्हती. तो लेख मी वाचला तेव्हा कान गरम झाले. आजही माझ्या बायोडेटात ती ओळ नाही.

तर जानेवारीत पाठवलेल्या पंचेचाळीस पानांचं काय झालं? सहाव्या दिवशी परत. संपादकांच्या टेबलावरूनच, परीक्षकांपर्यंत न जाता. याला डेस्क रिजेक्शन म्हणतात हे त्या दिवशी कळलं. दुसरीकडे पाठवला. पाच महिने काहीच नाही, आणि मग जूनमध्ये, नेमकं पहिल्या पावसाच्या दिवशी, दोन परीक्षकांची मतं आली. पहिल्याने इंग्रजी सुधारा म्हटलं होतं. दुसऱ्याने दोन पानं लिहिली होती आणि त्यातलं एक वाक्य मी अजून विसरलेले नाही : या एका लेखात तीन-चार लेख आहेत आणि सगळे अर्धवट आहेत.

रडू आलं. मग राग आला. मग शनिवारी सकाळची कोल्हापूर गाडी पकडली.

आंबा घाटात धुकं इतकं होतं की ड्रायव्हर दिवे लावून चालवत होता. मलकापूरच्या पुढे ऊन. पीएच.डी.च्या माझ्या मार्गदर्शकांच्या, सरांच्या घरी पोचले तेव्हा ते जेवायला बसायच्या बेतात होते. 'आधी जेवा, मग रडा,' म्हणाले. जेवण झाल्यावर त्यांनी माझा प्रिंटआउट घेतला, बाईंकडून कात्री मागवली, आणि खरोखरच कापायला सुरुवात केली. जेवणाच्या टेबलावर चार ढीग झाले. पहिल्यात सगळ्या सड्यांवरच्या वनस्पतींच्या याद्या, तारखा, अक्षांश-रेखांश. दुसऱ्यात एका गेंदाबद्दलची चार पानं. तिसऱ्यात आजवर सड्यांवर कोणी काय काम केलं त्याचा गोषवारा, जो मी 'प्रस्तावना' म्हणून अकरा पानं लांबवला होता. चौथ्यात जळलेल्या आणि न जळलेल्या सड्यांची तुलना.

'आता मला सांगा,' सर चौथा ढीग उचलून म्हणाले, 'जळलेले सडे किती पाहिलेत?'

'दोन.'

'किती वर्षं?'

'एक.'

'आणि शीर्षकात काय लिहिलंय? वणव्याचा सड्यांवरील वनस्पतींवर होणारा परिणाम. दोन सडे, एक वर्ष, आणि परिणाम!'

त्यांनी तो ढीग सरळ बाजूला ठेवला. माझा अख्खा 'ओरिजिनल रिसर्च' त्या ढिगात होता. पूर्ण लांबीच्या संशोधनपर लेखाला प्रश्न लागतो, त्या प्रश्नाला पुरेल इतकी मोजणी लागते, आणि मग पद्धती, निष्पत्ती, चर्चा हा सगळा सांगाडा शोभतो. माझ्याकडे सांगाडा होता. प्रश्न मागाहून चिकटवलेला होता.

'मग उरलेल्याचं काय? ते काय पेपर नाहीत?'

'पेपर नाहीत कोण म्हणतंय? पण प्रत्येकाची जात वेगळी आहे. तुमच्या त्या गड्याला विंचू चावला होता ना?'

हे एकदम कुठून काढलं, मला कळेना. २०१७ च्या जूनमध्ये माझ्याबरोबर सड्यावर येणाऱ्या काकांना लाल विंचू चावला होता. मला ते नेहमी बजावायचे, 'बाय, दगड पायानं सरकव, हात नको.' आणि स्वतःच हात घातला. अर्ध्या तासात माणूस घामाने निथळत होता, हातपाय गार, उलट्या. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी प्राझोसिनची गोळी दिली, दर तीन तासांनी देत राहिले, दुसऱ्या दिवशी काका चहा मागत होते.

'ती गोळी कुठून आली ठाऊक आहे?' सर म्हणाले. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं नाव मला माहीत होतं, कोकणात कोणाला नाही? पण त्यांचं काम कोणत्या स्वरूपात छापलं गेलं हे कधी पाहिलं नव्हतं. सरांनी लॅपटॉपवर दाखवलं. १९८२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लाल विंचवाच्या दंशाची हृदयावरची लक्षणं कशी ओळखायची, याचा तीन पानांचा लेख. १९८६ साली त्याच 'लॅन्सेट'मध्ये बावस्कर पतिपत्नींनी प्राझोसिनबद्दल लिहिलेलं संपादकांना पत्र. नुसतं पत्र, पान उलटायच्या आत संपणारं. आणि मग पंचवीस वर्षांनी, २०११ मध्ये, 'बीएमजे' या तशाच नियतकालिकात पूर्ण क्लिनिकल ट्रायल : प्राझोसिन एकटं विरुद्ध प्राझोसिन आणि विंचवाच्या विषावरचं प्रतिविष, चिठ्ठ्या टाकून वाटणी केलेले रुग्ण, सगळं शास्त्रशुद्ध. विषय एकच. आधी निरीक्षण, मग पत्र, मग ट्रायल. जेव्हा हातात जेवढं होतं, तेव्हा तेवढ्याच मापाचं भांडं घेतलं.

'पत्र म्हणजे कमी असं समजू नका,' सर म्हणाले. रामन आणि कृष्णन यांनी नव्या प्रकारच्या प्रकाश-विकिरणाची वर्दी 'नेचर'ला दिली ती मार्च १९२८ च्या अंकात, संपादकांना पत्र या सदरात. डीएनएच्या दुहेरी सर्पिलाचा १९५३ चा मजकूर पानभराहून थोडाच मोठा. आणि आपले देवळालीचे कापरेकर मास्तर! ६१७४ या संख्येची गंमत १९५५ मध्ये 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका'त आली ती छोट्याशा टिपणातच. शाळामास्तराने सिद्धान्ताचा डोंगर रचला नव्हता, एक सुंदर गोष्ट दिसली ती सांगितली.

(पत्राचा दुसरा चेहराही आहे, तो मला पुष्कळ नंतर कळला. १९८० साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये पाच वाक्यांचं एक पत्र आलं : रुग्णालयात अफूजन्य औषधं दिलेल्या ११,८८२ रुग्णांपैकी व्यसन लागल्याची पक्की नोंद फक्त चौघांची. त्यात पद्धती नाही, घरी गेल्यावर पुढे काय झालं त्याचा पत्ता नाही. पत्राकडून ती अपेक्षाही नसते. पण पुढे लोकांनी ते मोठ्या अभ्यासासारखं उद्धृत केलं. २०१७ मध्ये त्याच नियतकालिकात कोणीतरी मोजदाद केली तर ६०८ ठिकाणी उल्लेख निघाला आणि त्यांतल्या ७२ टक्के लेखकांनी व्यसनाची भीती नाही याला पुरावा म्हणून ते वापरलं होतं. अमेरिकेत त्या औषधांनी पुढे काय केलं ते आपण वाचतोच. दोष पत्राचा नव्हता; पत्राला प्रबंध समजून वाचणाऱ्यांचा होता.)

परतीच्या गाडीत माझ्या मांडीवर कापलेले चार गठ्ठे होते. सर घाटावरचे, पण मला माझ्याच अंगणातला फणस आठवत होता. कच्चा असेल तर भाजी, पिकल्यावर गरे, आठळ्या भाजायला वेगळ्या, रसाची पोळी वेगळी, सालं गुरांना. मी अख्खा फणस सोलल्याशिवाय ताटात वाढला होता.

सुरुवात गेंदापासून केली. हा ढीग सगळ्यांत लहान होता आणि त्यातच माझा जीव सगळ्यांत जास्त अडकला होता, कारण मनातल्या मनात मी त्याला नवीन जात ठरवून टाकलं होतं. नावसुद्धा योजून ठेवलं होतं, ते इथे सांगत नाही. गेंदाचं डोकं दिसायला एक पांढरं बटण, पण त्या बटणात पन्नासेक फुलं असतात आणि एकेक फूल दीड-दोन मिलिमीटरचं. जात ओळखायची तर ते उघडावं लागतं. डोकं गरम पाण्यात भिजवायचं, स्लाइडवर घ्यायचं, आणि इन्सुलिनच्या दोन सुया दोन हातांत धरून एकेक फूल सुटं करायचं. श्वास सोडला तरी उडून जातं. निदलं जुळलेली की सुटी, पाकळीवर काळी ग्रंथी आहे की नाही, परागकोश काळे की पांढरे, बीवर रेषा कशा. मी अशा चाळीस-पन्नास डोक्यांची चिरफाड केली आणि छापील वर्णनांत कुठेच बसेना.

नवीन जातीचा लेख हा स्वतंत्रच प्रकार आहे आणि त्याचे नियम संपादक ठरवत नाहीत, आंतरराष्ट्रीय नामकरण संहिता ठरवते. एक नमुना 'टाइप' म्हणून नेमून हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, ठेवायचा, तो कुठे ठेवला ते लिहायचं, आणि वेगळेपणाचं वर्णन लॅटिनमध्ये किंवा इंग्रजीत द्यायचं. २०१२ पर्यंत नुसतं लॅटिनच चालायचं. सर म्हणाले, 'लिहायच्या आधी पुण्याला जाऊन या.' पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम मंडळ १९५५ पासून आहे आणि तिथलं हर्बेरियम म्हणजे आमची काशी. दोन दिवस कपाटं धुंडाळली. दुसऱ्या दिवशी दुपारी, दक्षिणेकडच्या गेंदांच्या फोल्डरमध्ये, एका पिवळ्या पडलेल्या कागदावर माझा गेंद मला सापडला. कर्नाटकातून कोणीतरी मी जन्मायच्या आधी गोळा केलेला. तोच. भिंगातून तीनदा पाहिलं.

बाहेर येऊन वडापाव खाल्ला आणि सरांना फोन केला. ते हसले नाहीत, एवढे उपकार. 'छान,' म्हणाले, 'म्हणजे तो आता कोकणातही आहे. टिपण लिहा.'

टिपण म्हणजे नोट. यात आमच्या मुंबईची मोठी परंपरा आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं नियतकालिक १८८६ पासून निघतं आणि त्याच्या मागच्या पानांवर 'मिसलेनियस नोट्स' असतात. अमुक ठिकाणी तमुक पक्षी पहिल्यांदा दिसला, या बेडकाने त्या सापाला कसं चकवलं, असल्या परिच्छेद-दोन परिच्छेदांच्या नोंदी. जंगल खात्याचे साहेब, मळेवाले, शिकारी, डॉक्टर, कोणीही लिहिलेल्या. शंभर वर्षांपूर्वी कोणती जात कुठे होती हे शोधताना आज आम्ही पहिल्यांदा त्याच पानांवर जातो. त्या नोंदींमध्ये कोणी 'चर्चा' किंवा 'निष्कर्ष' लिहिला असता तर आज त्यातला तेवढाच भाग वाया गेला असता.

माझं टिपण साडेआठशे शब्दांचं झालं. जात कोणती, आधी कुठून माहीत होती, आता कुठे मिळाली, कोणत्या तारखेला, कोणी गोळा केली, नमुना कोणत्या हर्बेरियममध्ये कोणत्या क्रमांकाने जमा आहे, छोटं वर्णन, एक फोटोपान. पंचेचाळीस पानं लिहायला मला सहा महिने लागले होते, साडेआठशे शब्दांना चार. लपायला जागाच नसते. परीक्षक दोन होते आणि दोघेही गेंदवाले. एकाने विचारलं, बीचा फोटो कुठाय? पुन्हा सड्यावर जायला ऑक्टोबर उजाडला. २०२० च्या सुरुवातीला छापून आलं. एक पैसाही द्यावा लागला नाही. भारतातली अशी कितीतरी चांगली नियतकालिकं लेखकाकडून काही घेत नाहीत, हे त्या अडीच हजारांच्या आधी कळलं असतं तर!

आता विद्यापीठाच्या त्या खिडकीची गोष्ट. प्रबंधाच्या फाइलीत मी टिपणाची प्रत लावली. क्लार्कने पाहिली, उलटली, पुन्हा पाहिली. 'मॅडम, हे दोनच पानं आहे.' मी म्हटलं, हो. 'वर नोट लिहिलंय. आम्हाला शोधनिबंध पाहिजे.' त्या बिचाऱ्याचंही चूक नव्हतं. त्याच्या तक्त्यात एकच रकाना. परत आंबा घाट, सरांचं पत्र, नियतकालिकाच्या नियमावलीची छापील प्रत, त्यात 'टिपणांचंही परीक्षण होतं' ही ओळ पिवळ्या मार्करने रंगवलेली. तिसऱ्या खेपेला फाइल सरकली. पुढे नोव्हेंबर २०२२ च्या नव्या नियमांत सादरीकरणाआधी छापून येण्याची सक्तीच यूजीसीने काढली. तोवर माझा प्रबंध जमा होऊन वर्ष उलटलं होतं. आमच्या नशिबात हे असं.

तिसऱ्या ढिगाबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यात मी हरले. आढावा लेख लिहायचा म्हणून बसले. मला वाटायचं, बारा लेख वाचायचे आणि 'अमुक यांनी असं म्हटलं, तमुक यांनी तसं म्हटलं' असं ओवीत जायचं. संपादकांनी विचारलं : कुठे शोधलंत, कोणते शब्द टाकून शोधलंत, किती सापडले, किती गाळले आणि का? सिस्टेमॅटिक रिव्ह्यू म्हणजे हा सगळा हिशेब वाचकासमोर मांडायचा. प्रिझ्मा नावाची २७ कलमांची यादी असते, ती एकेक करून भरायची. मी तीन महिने शीर्षकं चाळली आणि मग लक्षात आलं की सड्यांवरचं निम्मं ज्ञान डेटाबेसमध्ये नाहीच. ते जुन्या प्रबंधांत, जंगल खात्याच्या अहवालांत आणि गुराख्यांच्या डोक्यात आहे. जे दोन डेटाबेसमध्ये सापडतं तेवढ्याचा शिस्तीत आढावा घेऊन 'या विषयावर फार काम झालेलं नाही' असं लिहिणं मला खोटं वाटलं. शेवटी साधा कथनपर आढावा लिहिला, मर्यादा पहिल्याच पानावर सांगितल्या, आणि तो एका लहान नियतकालिकात आला. लोक तोच सगळ्यांत जास्त उद्धृत करतात. आढाव्यांचं तसंच असतं. मला मात्र तो माझा सगळ्यांत कच्चा मजकूर वाटतो.

पहिल्या ढिगावर, म्हणजे याद्यांवर, माझा अजिबात भरवसा नव्हता. 'याद्या कोण छापणार?' तेव्हा सरांच्या एका विद्यार्थ्याने डेटा पेपर हा शब्द सांगितला. यात निष्कर्ष काढायचेच नसतात. काय गोळा केलं, कसं केलं, कुठे त्रुटी आहेत, एवढंच लिहायचं आणि मूळ तक्ता जीबीआयएफसारख्या, जगभरच्या जीवजातींच्या नोंदी साठवणाऱ्या, खुल्या जागी ठेवायचा. ऐकायला सोपं वाटतं. माझ्या वह्यांत पाच पावसाळ्यांच्या नोंदी होत्या. वह्या भिजलेल्या, काही पानं एकमेकांना चिकटलेली. तारीख कुठे '५/८', म्हणजे पाच ऑगस्ट की आठ मे? (मे नसणार, मेमध्ये सड्यावर काय असतं.) जागेचं नाव कुठे 'आंब्याजवळचा सडा'. कोणता आंबा? डार्विन कोर नावाच्या साच्यात प्रत्येक नोंदीला शास्त्रीय नाव, दिनांक, अक्षांश, रेखांश, ओळखणाऱ्याचं नाव अशा रकान्यांत बसवावं लागतं. कोविडच्या टाळेबंदीत घरी बसून मी आणि माझ्या नवऱ्याने, तो बँकेत आहे, त्याला रकान्यांची सवय, तीन महिने तेच केलं. पंधरा टक्के नोंदी टाकून द्याव्या लागल्या. त्यांची जागा नक्की सांगता येत नव्हती. त्या पानांवर माझ्या अंगात ताप असताना काढलेले दिवस होते, तरी टाकल्या.

आणि याच वेळी एका सहकाऱ्याने सल्ला दिला की बारा सडे आहेत तर बारा पेपर कर, सड्यामागे एक. यूजीसीच्या २०१८ च्या तक्त्यात विज्ञान शाखेला शोधनिबंधामागे आठ गुण. बारा आठे शहाण्णव. याला इंग्रजीत 'सलामी स्लाइसिंग' म्हणतात, सलामी नावाच्या सॉसेजच्या पातळ चकत्या पाडाव्यात तसं. एका प्रबंधातून टिपण, आढावा आणि डेटा पेपर काढणारी मी त्याच्याहून वेगळी कशी, हे मी स्वतःला बरेच दिवस विचारलं. माझं उत्तर असं : गरा आणि आठळी वेगळी काढणं निराळं, आणि एका गऱ्याच्या दहा चिरफळ्या करून दहा फणस म्हणून विकणं निराळं. पण सीमारेषा दर वेळी इतकी स्वच्छ नसते. म्हणून डेटा पेपरच्या सोबतच्या पत्रात, यातली अमुक नोंद आधी टिपणात येऊन गेली आहे, हे मी आपणहून लिहिलं.

डेटा पेपरच्या तक्त्यावरून नकाशा काढता काढता एक वेगळाच प्रकार हाती आला. दुसऱ्या कोणाच्या छापून आलेल्या लेखातले बिंदू मी माझ्या नकाशावर टाकले, तर त्यांचे दोन सडे अरबी समुद्रात गेले. रेखांशाचे आकडे उलटसुलट झाले होते. सरांना म्हटलं, लिहू का? ते म्हणाले, आधी त्यांना लिहा. त्यांनी मेलला उत्तर दिलं नाही. मग संपादकांना 'कॉमेंट' पाठवली, चारशे शब्द. पहिल्या मसुद्यात मी 'सदर लेखकांनी समुद्रात वनस्पती शोधलेल्या दिसतात' असं लिहिलं होतं. सरांनी ते वाक्य खोडलं आणि बाजूला लिहिलं, 'चूक दाखवा, माणूस नको.' संपादकांनी माझी कॉमेंट त्या लेखकांना पाठवली, त्यांना उत्तराचा हक्क असतो. दोन्ही एकाच अंकात शेजारी शेजारी छापून आलं. उत्तर सभ्य होतं. आता आम्ही एकमेकांना फोटो पाठवतो.

वणव्याचा तो चौथा ढीग अजून कपाटात आहे. तो वापरायचा नाही, हे ठरलंय. तोच प्रश्न नव्याने घ्यायचा बेत आहे आणि या वेळी रजिस्टर्ड रिपोर्ट म्हणून. यात मोजणीला सुरुवात करायच्या आधीच प्रश्न आणि पद्धत परीक्षकांकडे जाते. ती मान्य झाली तर उत्तर काहीही निघो, लेख छापला जातो. 'कॉर्टेक्स'ने २०१३ मध्ये हे सुरू केलं, मेंदूवाल्यांचं नियतकालिक ते. आमच्या विषयात अजून मोजक्याच ठिकाणी घेतात. अडचण एकच, सडा कधी पेटेल ते मला आधी सांगता येत नाही. गावकऱ्यांशी बोलणी चालू आहेत.

मागच्या वर्षी टीवायच्या प्रॅक्टिकलला मी माझं ते टिपण मुलांना वाचायला दिलं होतं. जरा मिरवायचंही होतं, खोटं कशाला बोलू. मागच्या बाकावरची एक मुलगी भिंगातून कधी स्लाइड, कधी कागद असं आलटून पालटून बघत होती. मग हात वर केला. 'मॅडम, फोटोत परागकोश काळे दिसतायत आणि खाली पांढरे लिहिलंय.'

मी कागद घेतला. फोटोपानावरचे 'क' आणि 'ड' यांचे मथळे अदलाबदल झाले होते. तीन वर्षं छापील होतं ते. मी पाहिलेलं, सरांनी पाहिलेलं, दोन गेंदवाल्यांनी पाहिलेलं. त्या रात्री संपादकांना मेल केला. छापखान्याची चूक असेल तर इरॅटम आणि लेखकाची असेल तर कॉरिजेंडम, अशी रीत आहे. ही माझी होती. तीन ओळींचा मजकूर. 'क'च्या जागी 'ड' वाचावे, निष्कर्षात फरक नाही, लेखक दिलगीर आहे. त्याला स्वतःचा डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळख क्रमांकही मिळाला, आणि आभारात त्या मुलीचं नाव. तिने त्याचा स्क्रीनशॉट घरच्या ग्रुपवर टाकला म्हणे.

यंदा प्रमोशनची फाइल भरताना माझ्या नावावर नियतकालिकांतल्या पाच नोंदी होत्या. ऑफिसमधले भाऊ कॉम्प्युटरवर रकाने भरत होते. टिपण, शोधनिबंधात टाकलं. आढावा, शोधनिबंध. डेटा पेपरला ते थबकले, 'यात निष्कर्षच नाही मॅडम,' मग तोही शोधनिबंध. कॉमेंटला 'इतर'. शेवटचा कागद त्यांनी डोळ्यांजवळ नेऊन वाचला, दोनदा वाचला, आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

'मॅडम, चूक छापून आल्याचेपण गुण असतात का?'

'नसतात भाऊ.'

'मग लावू की नको?'

'लावा.'

त्यांनी पंच मारला आणि फाइलीच्या तळाशी तो कागद घातला.